प्रकाश विद्युत् परिणाम : अध्यापनाचा इतिहास

धातूच्या पृष्ठभागावर पुरेशा कंप्रतेचा (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) प्रकाश पडला असता त्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. या आविष्कारास प्रकाश विद्युत् परिणाम म्हणतात. आधुनिक भौतिकीच्या जडणघडणीत या परिणामाचे स्थान सर्वपरिचित आहे. तो विद्यार्थ्यांना कसा शिकविला गेला याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. हा परिणाम मोजता येतो पण पाहता येत नाही, हे अध्यापनातील अडचणीचे मूळ होय. प्रयोगाच्या मेजावर एक दिवा, काही रंगीत गाळण्या, पेटीत झाकलेली निर्वात नलिका आणि सूक्ष्म प्रवाह दाखविणारा मापक एवढेच असते. नलिकेच्या आत काय घडले हे विद्यार्थ्याने मापकाच्या काट्यावरून ताडावयाचे असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही नलिका संगणकाच्या पडद्यावर आली. दिव्याचा रंग, त्याची तीव्रता, धातू व विद्युत् घटमालेचे वर्चस् विद्यार्थ्याला स्वतः बदलता येतील आणि त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनांचे चित्र तत्काळ बदलेल, अशी ही योजना आहे. वर्गात तिला सरसकट ‘सिम्युलेशन’ म्हणतात. येथे ‘सदृशीकरण’ ही संज्ञा वापरली आहे. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी या साधनाकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे समजण्यासाठी मूळ शोधाचा आणि त्याच्या अध्यापनाचा वृत्तांत प्रथम पाहणे इष्ट ठरते.

शोधाचा वृत्तांत : जर्मन भौतिकीविज्ञ हाइन्रिख हर्ट्‌झ हे १८८७ मध्ये कार्लझ्रूए येथे विद्युत् चुंबकीय तरंगांवर प्रयोग करीत होते. ग्राहक मंडलातील ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ती एका काळ्या पेटीत झाकली, तेव्हा ठिणगीची लांबी कमी झाल्याचे त्यांना आढळले. मध्ये काच धरली तरी तोच अनुभव आला. क्वॉर्ट्‌झ धरले असता मात्र फरक पडला नाही. यावरून पहिल्या ठिणगीतील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रकाश दुसऱ्या ठिणगीस साहाय्य करतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला व आपल्या मूळ विषयाकडे ते परत वळले. पुढील वर्षी व्हिल्हेल्म हालव्हाक्स यांनी घासून स्वच्छ केलेली जस्ताची पट्टी विद्युत् दर्शकास जोडून दाखविले की, पट्टी ऋण भारित असेल तर जंबुपार प्रकाशात तिचा भार निघून जातो, धन भारित असेल तर जात नाही.

यानंतरचे महत्त्वाचे काम यूलिउस एल्स्टर (१८५४–१९२०) आणि हान्स गाइटेल (१८५५–१९२३) या दोघांनी केले. हे दोघे कोणत्याही विद्यापीठात नव्हते. व्होल्फनब्यूटेल या लहानशा गावातील माध्यमिक शाळेत ते शिक्षक होते. सोडियम व पोटॅशियम यांसारख्या अल्कली धातूंवर साध्या दृश्य प्रकाशाचाही हा परिणाम होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि पहिले उपयुक्त प्रकाश विद्युत् घट तयार केले. पुढे बोलपटाच्या फितीच्या कडेस छापलेला ध्वनिमार्ग वाचण्यासाठी प्रकाश विद्युत् घटच वापरात आले. पुस्तकात हा परिणाम वाचण्यापूर्वीच महाराष्ट्रातील गावोगावच्या प्रेक्षकांनी तंबूतल्या पडद्यासमोर बसून त्याचे काम ऐकलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

जे. जे. टॉमसन यांनी १८९९ मध्ये बाहेर पडणारे कण इलेक्ट्रॉनच असल्याचे सिद्ध केले. फिलिप लेनार्ट यांनी १९०२ मध्ये प्रकाशाची तीव्रता सुमारे हजार पटींनी बदलून पाहिली, तरी इलेक्ट्रॉनांची महत्तम ऊर्जा बदलली नाही. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या मात्र तीव्रतेनुसार वाढली. प्रकाश हा केवळ तरंग मानल्यास याचा उलगडा होईना. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशाची ऊर्जा पुंजांच्या (ठराविक लहान हिश्श्यांच्या) स्वरूपात असते असे मानून हा प्रश्न सोडविला. एका पुंजाची ऊर्जा म्हणजे प्लांक स्थिरांक व कंप्रता यांचा गुणाकार. त्यातून धातूचे कार्य फलन (इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा) वजा केले की, उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनास गतिज ऊर्जेच्या रूपाने मिळते. यावरून कंप्रता व इलेक्ट्रॉनाची महत्तम ऊर्जा यांचा आलेख सरळ रेषा असला पाहिजे आणि तिचा उतार सर्व धातूंसाठी एकच असला पाहिजे. त्या वेळी हे भाकीत पडताळण्याजोगी मोजमापे उपलब्ध नव्हती.

ती मोजमापे रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागो येथे केली आणि १९१४ ते १९१६ या काळात प्रसिद्ध केली. धातूचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यावर ऑक्साइडाचा थर बसतो व मापन फसते, ही यातील खरी अडचण होती. म्हणून मिलिकन यांनी निर्वात काचपात्राच्या आतच एक लहान कारखाना बसविला. बाहेरून विद्युत् चुंबकाने फिरविलेले पाते आतील सोडियम, पोटॅशियम वा लिथियम यांचा पृष्ठभाग तासून काढी आणि त्या ताज्या पृष्ठभागावर प्रकाश सोडला जाई. त्यांना प्लांक स्थिरांकाचे मूल्य ६·५७ × १० चा −३४ वा घात जूल–सेकंद असे मिळाले; आजच्या मान्य मूल्याशी (६·६२६) ते एक टक्क्याच्या आत जुळते. प्रकाशपुंजाची कल्पना मिलिकन यांना मुळीच पटलेली नव्हती. समीकरण चुकीचे ठरेल अशा अपेक्षेने त्यांनी सुमारे दहा वर्षे खर्च केली, व ते बरोबर ठरल्यानंतरही त्यामागील कल्पना त्यांनी १९१६ मध्ये स्वीकारली नाही. आइन्स्टाइन यांना १९२१ चे (प्रत्यक्षात १९२२ मध्ये जाहीर झालेले) आणि मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘फोटॉन’ हा शब्द तर गिल्बर्ट ल्यूइस यांच्यामुळे १९२६ मध्ये रूढ झाला.

पाठ्यपुस्तकातील रूप : हा गुंतागुंतीचा वृत्तांत पाठ्यपुस्तकात आला तो पुष्कळ घासूनपुसून. प्रयोगाने तरंग सिद्धांत खोटा पाडला, आइन्स्टाइन यांनी पुंज सिद्धांत मांडला व मिलिकन यांनी त्यास दुजोरा दिला, असा तीन पायऱ्यांचा क्रम बहुतेक पुस्तकांत आढळतो. हा क्रम सोयीचा असला तरी इतिहास म्हणून तो तितकासा बरोबर नाही. आइन्स्टाइन यांचा १९०५ चा लेख मुख्यतः प्रारणाच्या (तरंगरूपी ऊर्जेच्या) ऊष्मागतिकीविषयी होता व प्रकाश विद्युत् परिणाम हे त्यातील अनेक उदाहरणांपैकी एक होते. शिवाय प्रकाश तरंगरूप मानून केवळ अणूला पुंज सिद्धांत लावला तरी या परिणामाची बरीचशी लक्षणे मिळतात, असे विलिस लँब व मार्लन स्कली यांनी १९६९ मध्ये दाखविले आहे. तेव्हा या एका प्रयोगाने फोटॉनाचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध होते, हे विधान शिक्षकाने जपून करावे.

तरंग सिद्धांताची अडचण आकड्यांत मात्र फार चांगली दिसते. एक चौरस मीटरवर एक वॉटचा दशलक्षांश भाग इतका मंद प्रकाश सोडियमावर पडत आहे असे समजू. एका अणूच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ चौरस मीटरच्या १० चा −१९ वा घात इतके धरले, तर इलेक्ट्रॉन सुटण्यास लागणारी २·२८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा साठण्यास सुमारे सहा आठवडे लागावयास हवेत. प्रत्यक्षात अर्नेस्ट लॉरेन्स व जेसी बीम्स यांनी १९२८ मध्ये केलेल्या मापनानुसार हा विलंब सेकंदाच्या काही अब्जांश भागांहून अधिक नाही. वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडविले असता जो परिणाम होतो, तो व्याख्या पाठ करून होत नाही.

मराठवाड्यातील परिस्थिती : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, तत्पूर्वी त्याचा बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यात व परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात होता. हा सर्व प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि विज्ञानाच्या ग्रंथांचे उर्दू भाषांतर करण्यासाठी हैदराबाद येथे स्वतंत्र विभाग चालविला जाई. त्यामुळे घरी मराठी बोलणारा या भागातील जो थोडका विद्यार्थी महाविद्यालयापर्यंत पोहोचे, त्याला पदार्थविज्ञान उर्दूतून शिकावे लागे. संस्थान विलीन झाल्यावर इंग्रजी आली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) आणि पदवीचे शिक्षण मराठवाड्याच्या तालुक्यांपर्यंत पसरू लागले. जालना शहरात जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय व मत्स्योदरी शिक्षण संस्थेचे अंकुशराव टोपे महाविद्यालय यांसारख्या संस्थांतून विज्ञान शाखा चालतात. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाड्यातील केंद्रही २०१८ मध्ये जालन्यास सुरू झाले.

मात्र भाषेचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात दहा अधिक दोन ही रचना आल्यानंतर (पहिली दहावीची परीक्षा १९७५) विज्ञान शाखेची अकरावी व बारावी प्रामुख्याने इंग्रजीतूनच शिकविली जाऊ लागली. अंबड, भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी वा मंठा तालुक्यातील मराठी शाळेतून आलेल्या मुलाला दहावीपर्यंत ‘तरंगलांबी’ व ‘विद्युत् धारा’ हे शब्द माहीत असतात. अकरावीत एकदम सर्व संज्ञा इंग्रजी होतात आणि बारावीत, प्रारण व द्रव्य यांच्या दुहेरी स्वरूपावरील प्रकरणात, त्याच्यापुढे प्रकाश विद्युत् परिणाम येतो. राज्य पाठ्यपुस्तक मंडळाच्या २०२० च्या पुस्तकात हे चौदावे प्रकरण आहे. तीव्रता आणि कंप्रता या दोन कल्पनांतील भेद हेच या प्रकरणाचे मर्म. नेमके तेच दोन शब्द विद्यार्थ्याला परक्या भाषेत, एकापाठोपाठ एक, पाठ करावे लागतात.

प्रयोगाची स्थितीही अशीच आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकांचा भर सामान्यतः मीटर सेतू, सोनोमीटर, भिंगे, संधी डायोड अशा उपकरणांवर असतो. प्रकाश विद्युत् घटाच्या साहाय्याने प्लांक स्थिरांक काढण्याचा प्रयोग पदवीच्या वर्गाला भेटतो. तेव्हा विज्ञान शाखेतून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी या परिणामाची फक्त आकृती पाहिलेली असते. पदवीच्या वर्गात उपकरण असले तरी ते बंद पेटीच असते. गाळणी बदलावी, मापकावरील प्रवाह शून्य होईपर्यंत वर्चस् वाढवावे, आकडा लिहावा व आलेख काढावा. आत काय चालले आहे हे न समजताही हा प्रयोग उत्तम गुणांनी पार पाडता येतो.

अडचणींचा अभ्यास : असे खरोखरच घडते, हे प्रथम पद्धतशीरपणे दाखविले ते अमेरिकेत. वॉशिंग्टन विद्यापीठातील रिचर्ड स्टाइनबर्ग, ग्रॅहॅम ओबेरेम व लिलियन मॅकडरमॉट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळा व ग्रंथालये यांची काहीही उणीव नसलेल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. हा विषय शिकून झालेल्या अनेकांना प्रवाह व वर्चस् यांचा आलेख काढता आला नाही. पुष्कळांनी ओहम यांचा नियम येथेही लागू होतो असे धरून आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा काढली. तीव्रता वाढविणे म्हणजे कंप्रता वाढविणे असे काहींनी मानले; फोटॉन हा विद्युत् भारित कण असल्याचेही काहींनी लिहिले. या निष्कर्षांवरून त्यांनी विद्यार्थ्याला प्रश्न विचारत आलेख काढावयास लावणारा संगणकीय पाठ तयार केला.

ओहम यांच्या नियमाची चूक पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने तोपर्यंत जी जी मंडले पाहिलेली असतात, त्यांत प्रवाह घटमालेमुळे वाहतो. येथे मात्र इलेक्ट्रॉन प्रकाशामुळे सुटतात. घटमाला फक्त त्यांना पुढे खेचते वा मागे परतवते. म्हणून घटमालेचे वर्चस् शून्य असतानाही थोडा प्रवाह वाहतो. वर्चस् वाढविले की, सुटलेले सर्व इलेक्ट्रॉन समोरच्या पट्टीवर पोहोचतात व त्यापुढे प्रवाह वाढत नाही. उलट दिशेने वर्चस् लावले तर एका ठराविक मूल्याला (रोधी वर्चस्) सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही परततो. आलेखाचे हे तीन भाग ज्याला कारणासह सांगता आले, त्याला हा परिणाम समजला असे मानण्यास हरकत नाही.

कोलोरॅडो येथील सदृशीकरण : कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ या नावाचा प्रकल्प सुरू केला. बोस–आइन्स्टाइन संघनित अवस्था प्रत्यक्षात आणल्याबद्दल वीमन यांना २००१ चे नोबेल पारितोषिक सहभागाने मिळाले होते. त्या संघनिताच्या नावातील बोस म्हणजे अर्थातच सत्येंद्रनाथ बोस. या प्रकल्पातील प्रकाश विद्युत् परिणामाच्या सदृशीकरणात पडद्यावर एक निर्वात नलिका, तिच्या डाव्या बाजूस धातूची पट्टी, वर दिवा व खाली घटमाला दिसते. सोडियम, जस्त, तांबे, प्लॅटिनम, कॅल्शियम यांपैकी धातू निवडता येतो व एक धातू मुद्दाम अनामिक ठेवलेला आहे. तरंगलांबी व तीव्रता यांच्या सरकपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. इलेक्ट्रॉन लहान निळ्या गोळ्यांच्या रूपाने पट्टीतून निघून पलीकडे जाताना दिसतात आणि उजवीकडे तीन आलेख आपोआप रेखले जातात.

सोडियम निवडून तांबडा प्रकाश टाकला असता तीव्रता कमाल केली तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. तीव्रता अगदी कमी करून तरंगलांबी घटवीत गेले की, हिरव्या रंगाच्या सुमारास (कार्य फलन २·२८ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरल्यास ५४४ नॅनोमीटरपाशी) तुरळक इलेक्ट्रॉन निघू लागतात. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात पुंजाची ऊर्जा ३·१० इलेक्ट्रॉन व्होल्ट होते व ०·८२ व्होल्ट रोधी वर्चस् लावताच इलेक्ट्रॉन समोरच्या पट्टीपर्यंत येऊन माघारी फिरतात. हे माघारी फिरणे कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही आणि कोणत्याही आकृतीत चालत नाही. घटमाला शून्यावर असताना इलेक्ट्रॉन आपल्याच वेगाने पलीकडे जाताना एकदा पाहिले की, ओहम यांच्या नियमाची चूक बहुधा पुन्हा होत नाही. सारा मॅकेगन, वीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या सदृशीकरणावर आधारलेल्या अध्यापनाचे चांगले परिणाम नोंदविले आहेत. मात्र त्याबरोबर व्याख्यान, चर्चा व गृहपाठ यांचीही नवी रचना केलेली होती. केवळ सदृशीकरण दाखविल्याने ते यश मिळाले नव्हते. ही गोष्ट नंतरच्या उत्साहात पुष्कळदा विसरली जाते.

या प्रकल्पातील सदृशीकरणांची भाषांतरे अनेक भाषांत झाली असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. जालन्याच्या दृष्टीने हा लहानसा तपशील महत्त्वाचा आहे. सरकपट्टी हलविण्यास इंग्रजी वाक्यरचना लागत नाही. रंग बदलणे निराळे आणि प्रकाश वाढविणे निराळे, हे हाताला कळल्यावर त्या दोन क्रियांना इंग्रजी व मराठी अशी दोन्ही नावे देणे सोपे जाते. नाव आधी व वस्तू नंतर हा नेहमीचा क्रम येथे उलटतो.

भारतातील प्रयत्न : माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २००९ च्या सुमारास ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ ही योजना सुरू झाली. तीत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय (२०२२ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ) सहभागी आहेत. याच योजनेत अमृता विश्व विद्यापीठम् या संस्थेने प्रकाश विद्युत् परिणामाचा आभासी प्रयोग तयार केला. त्यात धातू, पट्टीचे क्षेत्रफळ, तीव्रता, तरंगलांबी व वर्चस् बदलून विद्यार्थ्याने आकडे नोंदवावयाचे व प्लांक स्थिरांक काढावयाचा असतो. शालेय वर्गांसाठी याच संस्थेने प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) मुंबई शाखेबरोबर ‘ओलॅब्ज’ हा संच विकसित केला व त्यातील साहित्य मराठीतही उपलब्ध झाले.

कोलोरॅडो येथील चित्र आणि भारतातील आभासी प्रयोग यांच्या उद्दिष्टांत भेद आहे. तो बारकाव्याचा असला तरी दूरगामी आहे. पहिल्याचा उद्देश, उपकरण असूनही जे दिसत नाही ते दाखविणे हा आहे; दुसऱ्याचा उद्देश, उपकरणच नाही तेथे त्याची जागा भरून काढणे हा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सदृशीकरणाची मागणी बहुधा दुसऱ्या कारणासाठी होते. मार्च २०२० पासून शाळा–महाविद्यालये बंद पडली तेव्हा तर सर्वत्रच दुसरा पर्याय नव्हता. त्या काळात मोबाइल फोनवरील पडदा हीच प्रयोगशाळा झाली आणि २०२१ ची बारावीची लेखी परीक्षाही रद्द करावी लागली. आपत्काळात केलेली सोय नंतर व्यवस्था म्हणून टिकण्याचा धोका असतो. आभासी प्रयोग आहे म्हणून खऱ्या प्रयोगाची खरेदी टाळणे हे हिशेबाच्या वहीत शोभून दिसते, परंतु त्यामुळे शहरातील विद्यार्थी प्रयोग करणार व तालुक्यातील विद्यार्थी प्रयोग पाहणार अशी वाटणी कायमची होऊ शकते.

तांत्रिक अडचणीही होत्या. कोलोरॅडो येथील मूळ सदृशीकरण जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले होते. २०१५ नंतर प्रमुख ब्राउझरांनी जावा चालविणारी जोडणी काढून टाकली व अनेक वर्गांत जे चित्र काल चालत होते ते आज उघडेना. पितळी मीटर सेतू पन्नास वर्षे टिकतो. संगणकीय साधनाला सतत निगा लागते.

मर्यादा : सदृशीकरणाची सर्वांत मोठी मर्यादा मात्र तांत्रिक नाही. ते आइन्स्टाइन यांच्या समीकरणावरूनच रचलेले असल्याने त्याच्या साहाय्याने ते समीकरण तपासता येत नाही. मिलिकन यांनी दहा वर्षे समीकरण खोटे पाडण्याचा प्रयत्न केला व त्यांना ते जमले नाही, यातच त्या समीकरणाचे बळ आहे. पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने कितीही प्रयत्न केला तरी सरळ रेषा वाकणार नाही, कारण ती वाकू शकतच नाही. ऑक्साइडाचा थर, दोन धातूंच्या स्पर्शामुळे निर्माण होणारे वर्चस्, समोरच्या पट्टीवरूनच सुटणारे इलेक्ट्रॉन, गाळणीतून निसटणारा दुसरा रंग, यांपैकी कशाचाही उपद्रव तेथे नाही. इलेक्ट्रॉनाचे गोळ्यासारखे रूप व त्याचा मुद्दाम मंद केलेला वेग हे चित्रकाराचे संकेत आहेत, हेही शिक्षकाने सांगावे लागते. अनामिक धातू ओळखण्याचे काम त्यातल्या त्यात खऱ्या संशोधनाच्या जवळ जाते, कारण तेथे उत्तर आधी ठाऊक नसते.

म्हणून खऱ्या वस्तूशी गाठ घालून देणे आवश्यक ठरते व त्यासाठी महागडे उपकरण हवेच असे नाही. जालना जिल्ह्यातील शेतांच्या बांधांवर गेल्या काही वर्षांत सौर कृषिपंपांची पटले उभी राहिली आहेत. त्यांतही प्रकाश इलेक्ट्रॉनास ऊर्जा देतो; मात्र इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर न पडता सिलिकॉनाच्या आतच मुक्त होतो. त्यासाठी सुमारे १·१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरत असल्याने सीमा तरंगलांबी अवरक्त (तांबड्या रंगाअलीकडील अदृश्य) भागात, ११०० नॅनोमीटरच्या सुमारास येते. ढग आला असता लहान सौर घटाचा प्रवाह झपाट्याने घटतो, खुले वर्चस् मात्र थोडेसेच उतरते, हे साध्या बहुमापकाने पाहता येते. पहिला भाग तीव्रतेच्या नियमाशी थेट जुळतो. दुसरा भाग दिसावयास रोधी वर्चसासारखा असला तरी त्याचे कारण घटातील संधीच्या गुणधर्मात आहे, आणि हा फरक विद्यार्थ्यांकडून शोधून काढविणे हाच एक चांगला पाठ होऊ शकतो.

हालव्हाक्स यांचा जस्ताच्या पट्टीचा प्रयोग तर हिवाळ्यातील कोरड्या हवेत कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे; पावसाळ्यात दमट हवेमुळे विद्युत् दर्शकाचा भार आपोआप गळतो. पट्टी काचकागदाने घासून त्याच वेळी वापरावी लागते. लागणारा २५४ नॅनोमीटरचा जंबुपार दिवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत मिळतो, परंतु तो डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्याने तो झाकलेल्या पेटीत बसवून शिक्षकानेच हाताळला पाहिजे. पट्टी व दिवा यांच्यामध्ये साधी काच सरकविताच भार जाणे थांबते. हर्ट्‌झ यांनी १८८७ मध्ये जे पाहिले तेच हे होय.

प्लांक स्थिरांकाच्या मापनासाठी प्रकाश उत्सर्जक डायोड हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. येथे क्रिया उलटी असते : इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतो व प्रकाश बाहेर पडतो. तांबडा (६३० नॅनोमीटर), हिरवा (५२५) व निळा (४७०) असे तीन डायोड घेऊन, अंधारात ते प्रथम केव्हा उजळतात तेवढे वर्चस् मोजावयाचे. पुंजाची ऊर्जा अनुक्रमे १·९७, २·३६ व २·६४ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते; मोजलेले वर्चस् या मूल्यांच्या आसपास पण क्वचितच नेमके तेवढे येते. कंप्रतेसमोर वर्चस् मांडून काढलेल्या रेषेच्या उतारावरून स्थिरांक दहा–पंधरा टक्क्यांच्या चुकीने मिळू शकतो. बिंदू रेषेवर नीट बसत नाहीत, तेव्हा डोळ्याने उजळणे ठरविण्यात किती चूक झाली, डायोडावर छापलेली तरंगलांबी कितपत खरी, मापकाची शून्य स्थिती पाहिली होती का, हे प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारू लागतात.